चार तासांची बोट, दोन मुलं आणि खाऊचा डबा: डॉल्फिन बघायला जाताना काय न्यावं, कधी खावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं, चार तासांची बोटीची सफर, डॉल्फिन आणि नशिबात असेल तर देवमासा बघायचा बेत. मुलं दर अर्ध्या तासाला खायला मागतात. पाकिटातला खाऊ टाळायचा आहे, म्हणून पौष्टिक पदार्थांची यादी हवी आहे. शिवाय दोन उपप्रश्न: डब्यातलं काही डॉल्फिनला घातलं तर चालेल का, आणि मासे-कासवांच्या आकाराचा खाऊ केला तर मुलांना या प्राण्यांची गोडी लागेल का.

यादी खाली आहेच, पण घोडं यादीपाशी अडत नाही. सफर फुकट जाते ती बहुतेक वेळा पोट ढवळल्यामुळे, नाहीतर डॉल्फिन वर आला तेव्हा पोराचे दोन्ही हात डब्यात होते म्हणून. चांगला, घरचा, पौष्टिक पदार्थसुद्धा चुकीच्या वेळी दिला की हेच होतं. म्हणून आधी वेळेचं बोलू.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सुरुवातीलाच सांगायला हव्यात. त्या दिवशी समुद्र किती खवळलेला आहे, बोट मोठी आहे की छोटी, आणि तुमच्या मुलांना गाडी लागते का, या तिन्हींवर खाण्याचं प्रमाण ठरतं. दोन ते बारा या वयात बोट लागण्याचा त्रास सगळ्यात जास्त असतो, म्हणजे तुमची दोन्ही मुलं ऐन त्या टप्प्यात आहेत. गाडीत कधीच त्रास झाला नसेल तरी बोटीत होणार नाही, असं गृहीत धरू नका. काही बोटींवर डेकवर खायला मनाई असते किंवा शेंगदाणे-बदाम आणू देत नाहीत, कारण सोबतच्या कुणाला तरी ॲलर्जी असू शकते. बुकिंग करतानाच विचारून घ्या.

आता वेळ. बोटीत चढण्याआधी दीड ते दोन तास मुलांना खायला द्या, पण पाऊण पोटच. रिकाम्या पोटी बोट जास्त लागते. उलट तळलेलं, तुपकट, सायीचं खाल्लं की ते पोटात बराच वेळ तसंच पडून राहतं आणि पहिल्या मोठ्या लाटेला वर येतं. ओट्स आणि केळं, किंवा दोन टोस्ट आणि एक उकडलेलं अंडं, एवढं पुरतं. दुधाचा मोठा पेला त्या दिवशी वगळा.

बोट सुटल्यावर पहिली वीस-तीस मिनिटं काहीच देऊ नका. मुलं मागतील, कारण नवीन जागी गेलं की पहिला प्रश्न खाऊचाच असतो. तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. एकदम गप्प होणं, जांभया येणं, तोंडाला पाणी सुटणं, चेहरा फिका पडणं ही उलटीच्या बरीच आधी दिसणारी लक्षणं आहेत. यातलं काही नसेल तर मग दर चाळीस-पन्नास मिनिटांनी तीन-चार घास. चार तासांत चार फेऱ्या झाल्या तरी खूप झालं.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बोट वेगात जात असते तेव्हा त्रास कमी होतो. प्राणी दिसला म्हणून बोट थांबते तेव्हा जास्त होतो. चालती बोट लाटा कापत जाते, तिची हालचाल साधारण एका तालात असते आणि समोरून वारा लागतो. थांबलेली बोट लाटांना आडवी होते, डावी-उजवीकडे डोलायला लागते, आणि मागचा डिझेलचा धूर डेकवर येतो. त्यात मूल डोळ्यांना दुर्बीण किंवा मोबाइल लावून बसलेलं असतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांसमोरचं चित्र काही वेगळंच सांगतं, आणि या भांडणाचा निकाल पोटात लागतो. म्हणून नियम साधा ठेवा: बोट चालू असताना आडोशाला बसून खायचं, बोट थांबली की डबा बंद. याला अपवाद एकच. स्पर्म व्हेल या खोल बुडी मारणाऱ्या देवमाशाला बघायला गेला असाल तर तो एकदा शेपटी वर करून बुडाला की पाऊण तास वर येत नाही. त्या वेळात मुलं टवटवीत असतील तर खुशाल खाऊ द्या.

बसायची जागा बोटीच्या मध्यावर, शक्य तितकी खाली, पण उघड्या हवेत. पुढच्या टोकाला दृश्य झकास असतं, पण तिथे बोट सगळ्यात जास्त वर-खाली होते. नजर क्षितिजावर. सुदैवाने प्राणी शोधायलाही नजर तिथेच लागते, त्यामुळे हा उपाय मुलांना औषधासारखा वाटत नाही.

आता पदार्थ. कसोटी चार गोष्टींची: एका हाताने उचलता यावं, एका घासात संपावं, चुरा पडू नये, वास उग्र नसावा. दुसरा हात कठड्याला धरायला मोकळा हवा, म्हणून ही एका हाताची अट. या चाळणीतून पुष्कळ नावाजलेले पौष्टिक पदार्थ गळून पडतात. दही सांडतं, डाळिंबाचे दाणे घरंगळतात, सँडविचमधला टोमॅटो ओघळतो, सुक्या मासळीचा वास शेजाऱ्याला आजारी पाडतो.

एका मुलासाठी चार तासांचं माप साधारण असं: अर्धं सफरचंद, एक छोटं केळं, मूठभर काकडी-गाजराचे तुकडे, 20 ते 25 ग्रॅम भाजलेले हरभरे आणि दोन कोरडे टोस्ट. मिळून 300 कॅलरींच्या आसपास होतं. नऊ वर्षांच्या मुलाला मधल्या वेळी एवढं पुरेसं आहे, सहा वर्षांच्याला थोडं कमी चालेल. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडल्या की मुलं हात लावत नाहीत, म्हणून एक लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून फोडी पाच-दहा मिनिटं बुडवा, निथळून पुसून डब्यात भरा. काकडी चिरल्यावर कापडाने टिपून घ्या, नाहीतर डब्यात तळं साचतं आणि शेजारचे टोस्ट लिबलिबीत होतात. केळं सालासकट न्या, सोललेलं केळं तासाभरात काळं पडतं. सालासाठी मात्र वेगळा रिकामा डबा हवा. संत्रं न्यायचं तर घरीच सोलून. काहींना त्याचा वास मळमळीत बरा वाटतो, पण आधीच पोट ढवळत असेल तर आंबट नको.

हरभऱ्यांबद्दल जरा सविस्तर, कारण पाकिटातल्या कुरकुरीत खाऊची सवय असलेल्या मुलांना हाच पर्याय पटतो आणि घरी तो हमखास बिघडतो. हरभरे आठ-दहा तास भिजवा. मऊ पण अख्खे राहतील असे शिजवा. बोटाने दाबल्यावर दबावेत, फुटू नयेत. निथळून सुती कापडावर पसरा आणि किमान अर्धा तास वाळू द्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग हरभरे भाजले न जाता वाफवले जातात. 200 ग्रॅम शिजलेल्या हरभऱ्यांना दोन लहान चमचे तेल चोळा, 200 अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये 30 ते 40 मिनिटं भाजा, दर दहा मिनिटांनी ट्रे हलवा. मीठ-मसाला शेवटी, कारण मसाला आधी घातला तर जळून कडू होतो. मीठ बेताचंच, एरवी मुलं पाणीपाणी करतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका. कोमट हरभऱ्यांची वाफ झाकणाला धरते आणि सकाळपर्यंत सगळे चिवट होतात. कुरकुरीतपणा एक दिवस टिकतो, म्हणून आदल्या संध्याकाळीच करा.

उकडलेलं अंडं, चीज, शिजवलेलं काहीही न्यायचं असेल तर थंड पिशवीत, गोठवलेल्या जेल-पॅकसोबत. फ्रीजबाहेर असे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासभरच. बोटीच्या डेकवर उन्हात तापलेली पिशवी ही मर्यादा सहज ओलांडते. जेल-पॅक नसेल तर हे पदार्थ घरीच खाऊन निघा.

सोबत पाच वर्षांखालचं कोणी असेल तर अख्खे शेंगदाणे, बदाम आणि हे हरभरेसुद्धा त्याला देऊ नका. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा. बोटीला अचानक हिसका बसतो आणि घास घशात अडकू शकतो. तुमच्या मुलांच्या बाबतीतही बसूनच खायचं, उभं राहून किंवा पळताना नाही.

पाणी तासाला 150 ते 200 मिलिलिटर, घोटघोट. सरबत, ज्यूस, कोला नको. 330 मिलिलिटरच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली आणि ज्यूसमधली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली असावी, म्हणजे या वयात एका कॅनमध्येच दिवसाची जवळजवळ सगळी मर्यादा संपते. त्यात गोड, फसफसतं पेय हेलकाव्यांत पोटाला मुळीच मानवत नाही.

अलीकडे समुद्रशेवाळाच्या कुरकुरीत पट्ट्या आरोग्यदायी म्हणून बऱ्याच जणांच्या पिशवीत दिसतात. पदार्थ वाईट नाही, घरी खा. बोटीवर मात्र पाकिटाच्या मानाने आत खाऊ थोडा, पट्ट्या वाऱ्यावर उडतात, आणि आत ओल शोषणारी एक छोटी पुडी असते. पाकीट उघडताक्षणी ती पुडी पाण्यात गेली म्हणून समजा.

इथून विषय वेष्टनाकडे वळतो. कुठलंही पाकीट डेकवर उघडायचंच नाही. सगळा खाऊ घरी काढून क्लिपच्या झाकणाच्या डब्यात भरा, प्रत्येक मुलाचा डबा वेगळा, आणि दोन्ही डबे एका चेन असलेल्या पिशवीत. टिश्यू पेपरऐवजी ओला रुमाल. हातांना सनस्क्रीन लावलेलं असतंच, खाण्याआधी बोटं या रुमालाने पुसून घ्या. चालत्या बोटीवर वारा जोरात असतो आणि हलकी वस्तू हातातून सुटली की परत मिळत नाही.

ती वस्तू पुढे काय करते हे मुलांना सांगण्यासारखं आहे. लेदरबॅक कासवाचं मुख्य अन्न जेलीफिश, आणि पाण्यात तरंगणारी पिशवी त्याला तशीच दिसते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. वासाचं प्रकरण कमी जणांना माहीत आहे. समुद्रातलं सूक्ष्म वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या वनस्पती, खाल्लं जात असताना एक गंधकयुक्त वायू सुटतो. पेट्रेलसारखे कित्येक समुद्रपक्षी त्याच वासाच्या मागाने अन्नापर्यंत पोहोचतात. प्लॅस्टिक काही आठवडे समुद्रात राहिलं की त्याच्यावर शेवाळाचा थर चढतो आणि त्यालाही तोच वास यायला लागतो. म्हणजे पक्षी मूर्खपणाने प्लॅस्टिक खात नाही; त्याच्या नाकाच्या हिशेबाने ते जेवणच असतं.

केळ्याचं साल तर कुजतं, ते टाकलं तर काय बिघडलं, असं कुणीतरी विचारतंच. जहाजांच्या कचऱ्यासाठी मार्पोल हा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या पाचव्या परिशिष्टाचे सुधारित नियम 1 जानेवारी 2013 पासून लागू आहेत. प्लॅस्टिक समुद्रात कुठेही टाकता येत नाही. उरलेलं अन्नसुद्धा साधारणपणे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत टाकता येत नाही. बारीक दळलेलं असेल तर 3 मैलांपलीकडे चालतं, आणि काही संवेदनशील समुद्रांत नियम याहून कडक आहेत. तुमची बोट बहुधा या अंतरांच्या आतच फिरणार. शिवाय बोटीमागे खरकटं मिळतं हे पक्ष्यांना एकदा कळलं की ते बोटीमागेच घिरट्या घालत राहतात.

डॉल्फिनला खाऊ घालण्याबद्दल: नाही, अगदी ताजा मासासुद्धा नाही. पुष्कळ देशांत तो गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी कारण पक्कं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मंकी मिया इथे 1960च्या दशकापासून लोक रानटी डॉल्फिनना किनाऱ्यावर मासे घालत आले. ज्या माद्यांना असं आयतं मिळायचं त्यांची पिल्लं इतर माद्यांच्या पिल्लांपेक्षा बरीच जास्त दगावत होती. आई उथळ पाण्यात माणसांसमोर ताटकळत राहायची, पिल्लू मागे एकटं पडायचं, आणि शिकार शिकायचा वेळ बुडायचा. 1990च्या दशकात किती मासे द्यायचे, कोणत्या माद्यांना द्यायचे, याचे नियम कडक केल्यावर पिल्लं जगण्याचं प्रमाण सुधारलं. प्रेमाने दिलेल्या घासाचा हा हिशेब मुलांना व्यवस्थित कळतो, फक्त उपदेशाच्या सुरात सांगू नका.

कुरव (सीगल) पक्षी मात्र तुमच्या परवानगीची वाट बघणार नाहीत. 2019 मध्ये ब्रिटनमध्ये हेरिंग गल या कुरवांवर एक प्रयोग झाला. माणूस टक लावून बघत असेल तर खाऊपाशी यायला त्यांनी सरासरी 21 सेकंद जास्त घेतले. तेव्हा पक्षी घिरट्या घालू लागला की डबा पोटाशी धरा आणि त्याच्याकडे रोखून बघा. मुलांना हे काम फार आवडतं.

आकाराच्या खाऊबद्दल. माशाच्या आकाराचं बिस्किट केलं तरी मैदा तो मैदाच, आणि ते खाऊन डॉल्फिनबद्दल काही कळत नाही. हौस असेल तर आदल्या दिवशी घरी करा, बोटीवर नको. गोडी लागते ती प्राणी स्वतः शोधता आला की. त्यासाठी बोट म्हणजे घड्याळ समजा: पुढचं टोक बारा, उजवी बाजू तीन, डावी नऊ. एका मुलाला नऊ ते बारा, दुसऱ्याला बारा ते तीन वाटून द्या. साध्या डोळ्यांनी क्षितिजापासून बोटीपर्यंत हळूहळू नजर फिरवायची, काही दिसलं की मगच दुर्बीण. दुर्बीण सात किंवा आठ पटीची. दहा पटीची हलत्या बोटीवर इतकी थरथरते की डोकं दुखतं. काय शोधायचं? एका जागी पाण्यात सूर मारणारे पक्षी, म्हणजे खाली माशांचा थवा आणि कदाचित डॉल्फिनही. लाटांच्या तालात न बसणारा पांढरा शिडकावा. देवमाशाच्या श्वासाचा फवारा. आणि खळबळत्या पाण्यावर मधेच तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल: देवमाशाने शेपटी मारून नुकतीच बुडी घेतल्याची ती खूण असते. हंपबॅक जातीचा देवमासा शेपटी वर करून बुडाला तर घड्याळ लावा, बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांत तो परत वर येतो.

खाण्याच्या फेऱ्यांमध्ये प्राण्यांच्या जेवणाच्या गप्पा मारा. डॉल्फिनला दात भरपूर, पण तो घास चावून खात नाही, मासा पकडून अख्खा गिळतो. समुद्री पाणमांजर (सी ऑटर) रोज स्वतःच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा खातं, आणि शिंपले फोडायचा दगड काखेतल्या सैल कातडीच्या खिशात ठेवतं. निळा देवमासा खाण्याच्या मोसमात दिवसाला 16 टनांपर्यंत क्रिल (कोळंबीसारखे इवले जीव) फस्त करू शकतो. याच्या उलट बहुतेक हंपबॅक वीण होते त्या उबदार पाण्यात कित्येक महिने जवळजवळ उपाशी असतात, साठवलेल्या चरबीवर जगतात आणि माद्या त्यातूनच पिल्लांना पाजतात. बोटीने पाठलाग केला की त्यांची ऊर्जा जाते आणि ती भरून काढायला समोर अन्न नसतं. बऱ्याच ठिकाणी देवमाशापासून किमान 100 मीटर आणि डॉल्फिनपासून 50 मीटर अंतराचा नियम असतो, पिल्लू सोबत असेल तर त्याहून जास्त, त्यामागे हेही एक कारण आहे. नावाडी जास्त जवळ जाऊ लागला तर ‘इथूनच छान दिसतंय’ असं मोठ्याने म्हणा. तो बऱ्याचदा प्रवाशांच्या खुशीसाठीच पुढे घेत असतो.

इतकं करूनही उलटी झालीच तर दहा-पंधरा मिनिटं काही देऊ नका. मग ओआरएस, पाकिटावरच्या मापानेच कालवलेलं, दर तीन-चार मिनिटांनी एक लहान चमचा. ते टिकलं की कोरडा टोस्ट. खालच्या बंद केबिनमध्ये किंवा शौचालयात नेऊन बसवू नका, तिथे क्षितिज दिसत नाही आणि त्रास वाढतो. आल्याचा काहींना उपयोग होतो, काहींना नाही. एखादा छोटा तुकडा चघळायला हरकत नाही. बोट लागू नये म्हणून घ्यायचं औषध त्रास सुरू झाल्यावर फारसं चालत नाही, ते निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावं लागतं. मुलांचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघा. काही मुलं त्याने गाढ झोपतात, तर काही उलट चेकाळतात. यातलं काहीही भर समुद्रात पहिल्यांदा कळायला नको.

घरी आल्यावरही मुलांची उत्सुकता टिकावी असं वाटत असेल तर हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो काढायचा प्रयत्न करा. तिथलं काळं-पांढरं चित्र प्रत्येकाचं वेगळं असतं. हॅपीव्हेल या संकेतस्थळावर फोटो टाकला की तो आधीच्या नोंदींशी जुळवून बघतात, आणि तोच देवमासा पुढे कुठे दिसला तर कळवतात. फोटोसोबत तारीख, वेळ आणि जागा लागते, आणि मोबाइलमध्ये लोकेशन बंद असेल तर जागा नंतर आठवत नाही. म्हणून खाऊच्या पिशवीत एक छोटी वही आणि पेन्सिल टाका. पेन नको, ओल्या कागदावर शाई फुटते. आणि पेन्सिल दोरीने वहीलाच बांधा.